सावकाश होऊ द्या

माझ्या खोलीच्या दारावर ‘डायटीशियन’ अशी पाटी लागली, त्याच आठवड्यात एक गृहस्थ आत डोकावून म्हणाले, “बहनजी, थाली कितने की है?”

मी म्हटलं, इथे थाळी मिळत नाही.

“तो फिर खाने में क्या मिलता है?”

मी म्हटलं, सल्ला मिळतो. त्यांनी माझ्याकडे अशा काही दयेनं पाहिलं की विचारू नका, आणि फाटकासमोरच्या छोले-कुलच्याच्या गाडीकडे निघून गेले.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. नोएडातलं ते खाजगी हॉस्पिटल इतकं नवं होतं की आत औषधांपेक्षा रंगाचा वास जास्त यायचा. माझ्या खिडकीतून एका बाजूला काचेची इमारत दिसायची आणि दुसऱ्या बाजूला सरसोंचं शेत. त्याआधी मी सरकारी इस्पितळात होते. तिथे आहारतज्ज्ञ म्हणजे स्वयंपाकघरात उभं राहून खिचडीत डाळ खरोखर पडते की नाही हे बघणारी बाई. इथे मात्र लोक स्वतःच्या गाडीतून यायचे आणि कमी खा असं ऐकून घेण्यासाठी फी भरायचे. माझ्या सासूबाईंना हे शेवटपर्यंत पटलं नाही. “न खाण्याचे पैसे?” असं त्या आल्यागेल्याला विचारायच्या.

धंदा तसा सोपा आहे. येणारा प्रत्येक जण ‘काय खाऊ?’ असं विचारतो. भात खाऊ का, तूप खाऊ का, ते नवं डब्यातलं विलायती पोह्यांसारखं मिळतं ते खाऊ का. ‘कसं खाऊ?’ असं विचारणारा माणूस मला उभ्या नोकरीत भेटला नाही. करोल बागेत राहून यूपीएससी करणारा एक लातूरकडचा मुलगा यायचा, तो मेसमध्ये पेपर उघडून बसायचा आणि अग्रलेख संपायच्या आत त्याचा भात संपायचा. एक प्रॉपर्टी डीलर तर गाडी चालवताना पराठे खायचा. त्याला विचारलं, चावता कधी? तर म्हणाला, “रेड लाइट पे, जी.” दोघांची तक्रार एकच: पोट फुगतं, ढेकरा येतात आणि तासाभरात परत भूक लागते.

तर थोडं शास्त्र सांगते, मग गोष्ट. पोटाला दात नसतात. दातांनी करायचं काम टाळलं की ते पोटाच्या गळ्यात पडतं, आणि पोट ते रडतखडत करतं. भात-पोळीचं पचन तोंडातच लाळेपासून सुरू होतं, पण त्यासाठी घास तोंडात थांबायला तर हवा! भराभर गिळणारा माणूस घासाबरोबर हवाही गिळतो, आणि तीच मग भर बैठकीत बाहेर येते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पोट भरल्याची बातमी मेंदूला पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. ज्याचं जेवण त्याच्या निम्म्या वेळात उरकतं, त्याची बातमी आयटीओच्या सिग्नलला अडकलेली असते आणि हा इकडे चौथ्यांदा भात मागत असतो.

निमकरकाका हे त्यातलं शिखर.

काका एका मंत्रालयातून अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झाले होते आणि महिनाभरही घरी न बसता एका परदेशी कंपनीत सल्लागार म्हणून लागले होते. तेव्हा अशा कंपन्यांची दिल्लीत रीघ लागली होती, आणि कुठली फाइल कुठल्या टेबलावर झोपते हे ठाऊक असलेल्या माणसांना फार मागणी होती. काका आज लखनौ, उद्या जयपूर असे फिरत. यमुनेपलीकडे पटपडगंजच्या एका सोसायटीत त्यांचा फ्लॅट होता. आम्ही शेजारच्याच सोसायटीत, आणि त्या भागातल्या मराठी मंडळाचे काका अध्यक्ष, त्यामुळे ओळख होतीच.

एका रविवारी दुपारी त्यांना हॉस्पिटलात आणलं. घामाघूम झालेले, हात छातीवर. बरोबर निमकरकाकू, पदर तोंडाला लावलेल्या, आणि मागे निम्मी सोसायटी. धावपळ झाली, तारा लावल्या, कागदाची पट्टी बाहेर आली. आमचे पंजाबी डॉक्टर पट्टी बघून म्हणाले, “हार्ट तो बिल्कुल फर्स्ट क्लास है जी. गैस है.”

काकांचा चेहरा पडला. खोटं नाही सांगत, साफ पडला! एवढी माणसं काम टाकून आली, कुणी तर मुंबईला एसटीडी लावून आलं, आणि निघालं काय, तर गॅस. दुपारी श्रीखंड-पुरीचा बेत होता हे काकूंनी सांगितल्यावर डॉक्टरांनी त्यांना माझ्या खोलीत पाठवलं.

“किती वेळ लागतो जेवायला?” मी विचारलं.

“वेळ?” काका म्हणाले. “जेवण हे काम नव्हे, मॅडम. कामातला व्यत्यय आहे.” मग त्यांनी अभिमानानं सांगितलं की थंडीत त्यांच्या ऑफिसातले सगळे बाबू लॉनवर उन्हात बसून दोन-दोन तास डबा, मग संत्री, मग शेंगदाणे असं करायचे, पण ते स्वतः कधीही लॉनवर गेले नाहीत. पार्लमेंटचं सेशन चालू असताना एका हातानं फोन धरून त्यांनी अख्खा डबा संपवलेला आहे.

काकूंनी तोंडावरचा पदर खाली घेतला. आता म्हणाल्या, “हे जेवत नाहीत गं, भरतात. मी तव्यावरची पोळी ताटात टाकून मागे वळते, तोवर ताट रिकामं. दुसरी लाटेपर्यंत ‘आण’ म्हणून हाक. माझी कणीक संपली की यांचं जेवण संपतं.”

पोट भरणं आणि कणीक संपणं यातला फरक मी कॉलेजात दोन वर्षं शिकले होते, पण इतक्या सोप्या शब्दांत मला कुणी सांगितला नव्हता.

काका रक्त तपासायला गेले तेव्हा काकू खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, “एक सांगू? हसू नकोस. यांना जरा हळू जेवायला लाव. पोटासाठी तर हवंच, पण मला वेगळंच हवंय. लग्न झाल्यापासून मी यांच्या समोर बसून कधी जेवले नाही. माझा तवा उतरेपर्यंत हे हात धुऊन मोकळे. मी एकटी, भिंतीकडे तोंड करून. एकदा तरी मी ताट घेऊन बसावं आणि हे समोर असावेत, एवढंच.”

मी म्हटलं, एवढंच ना? होऊन जाईल.

काका परत आले. मी त्यांना आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना सल्ला दिला: प्रत्येक घास बत्तीस वेळा चावा, आणि तोंडातला घास संपेपर्यंत ताटाला हात लावू नका.

“बत्तीसच का?”

“दात बत्तीस म्हणून, काका. म्हणायची पद्धत.”

“माझे सव्वीस आहेत. मग सव्वीस की बत्तीस?”

“बत्तीस.”

“हे सर्व पदार्थांना लागू आहे?”

“हो, सगळ्यांना,” मी म्हटलं. इथेच माझं चुकलं. सरकारी माणसाला ‘सगळ्यांना’ असं कधी सांगू नये.

पुढच्या खेपेला काका आले ते विजयी मुद्रेनं. पोट हलकं, ढेकरा बंद, रात्री झोप. आठ पोळ्यांवरून गडी दोनवर आला होता, तोही स्वतःहून, कारण दुसरी पोळी संपायच्या आत बातमी मेंदूला पोचत होती. पंचतारांकित हॉटेलातल्या बफेत त्यांनी पाहुण्यांच्या तीन फेऱ्या होईपर्यंत एकच प्लेट पुरवली होती. मी खूश झाले. आमच्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं सुद्धा, की बघा, एक गोळी न देता.

दुसऱ्या दिवशी काकू एकट्या आल्या. मला वाटलं, आभार मानायला आल्या.

“काय शिकवून ठेवलंस गं त्यांना?” त्या बसायच्या आधीच म्हणाल्या. “ताक चावतात! वरण चावतात! काल श्रीखंड चावत होते, माझ्या अंगावर काटा आला.”

“पण काकू, आता समोर बसतात ना?”

“बसतात. पाऊण तास बसतात. पण बोलतील तर शपथ. मनात मोजत असतात ना! मी काही बोलले की असं बोट वर करतात, थांब म्हणून. घास संपला की बोट खाली आणि मग शेरा. आमटीत गूळ जास्त आहे. कोशिंबिरीला फोडणी कच्ची आहे. अगं, इतकी वर्षं तोच गूळ घालतेय मी, यांना आत्ता लागला!”

मला हसू आवरेना. काकू मात्र हसत नव्हत्या.

“आणि पोळी तव्यावरचीच हवी,” त्या म्हणाल्या. “डब्यातली पोळी ऑफिसात आयुष्यभर खाल्ली, घरी नाही खाणार म्हणतात. पूर्वी सात मिनिटांत सुटायची मी. आता पहिली पोळी संपेपर्यंत तवा तापवत उभी, मग दुसरी. दोन वाजतात मला जेवायला. जेवते एकटीच. ते तोवर शतपावली करतात, तीही मोजून.”

माझं हसू मावळलं. कॅलरी, प्रथिनं, पाणी, तंतू, सगळं विचारायला आम्हाला शिकवलं होतं. गॅसपाशी कोण उभं आहे हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नव्हता. मी काकांना समजवायचं कबूल केलं आणि समजावलंही. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुमच्या सूचनेनं गुण आलाय. आता ती बदलायची तर तसं कारण हवं.” काकू दोन वाजता जेवतात हे कारण मी सांगितलं. ते म्हणाले, “तिला उशिराचीच सवय आहे.” त्यांच्यापुरता तो विषय तिथे संपला.

मग गणपती आले. आमच्या मंडळाचा महाप्रसाद सोसायटीच्या कम्युनिटी हॉलमध्ये असायचा. त्या वर्षी तरुण मंडळींचं म्हणणं पडलं की आता बफे करू या, सगळी दिल्ली करते. काका खवळले. “उभ्यानं जेवायला आपण घोडे आहोत का?” पंगतच होणार असं ठरलं. हॉल तीन वाजेपर्यंत आपला, त्यानंतर कुणा खन्नांकडचं मुंडन, म्हणजे आपलं जावळ, होतं. सेक्रेटरी गोरे हे हिशेबी गृहस्थ. त्यांनी तीन पंगती आखल्या: पहिली वडीलधारी आणि मुलं, दुसरी बाकीचे, तिसरी वाढणाऱ्यांची. काकू आमटी वाढत होत्या आणि मी कोशिंबीर.

पानं वाढून झाली, श्लोक झाले, आणि काकांनी अध्यक्ष या नात्यानं पंगतीच्या टोकाला बसून हात जोडले. “मंडळी, सावकाश होऊ द्या!”

हे वाक्य कितीतरी पंगतींत म्हटलं जातं आणि आजवर कुणी ते मनावर घेतलेलं नाही. काकांनी घेतलं.

अर्ध्या तासात सगळ्यांची पानं स्वच्छ झाली. काका मसालेभातावर होते. त्यांच्या पुढ्यात अळूची भाजी, दोन पुऱ्या, जिलबी, दहीभात, सगळं रांगेत उभं होतं. आमच्यात सगळ्यात मोठा माणूस उठल्याशिवाय पंगत उठत नाही. तेव्हा सगळे उष्टे हात वर धरून बसले. हात वाळले. मुलं आधी चुळबुळली, मग एकमेकांच्या पानांतली लिंबं फेकायला लागली. दुसऱ्या पंगतीचे लोक भिंतीला टेकून प्रत्येकाच्या पानाकडे भुकेल्या नजरेनं बघत होते.

गोरे हळूच काकांपाशी वाकले. “अध्यक्षसाहेब, जरा...”

काकांनी बोट वर केलं. गोरे ताठ झाले. अख्खा हॉल त्या बोटाकडे बघत राहिला. बोट खाली आलं, काकांनी दुसरा घास घेतला आणि बोट परत वर.

गोरे तिथून तडक माझ्याकडे आले. “तुमचाच पेशंट ना हा? औषध उतरवा बघू त्याचं!” एव्हाना सगळ्यांना कारण कळलं होतं. वाढायला गेले की प्रत्येक पानावरून माझ्याकडे डोळे वटारले जात होते. कोशिंबिरीचं पातेलं घेऊन खांबाआड उभं राहायची वेळ माझ्यावर आली. त्यात खन्नांचा केटरर तंदूर घेऊन दारात हजर झाला. आत डोकावून त्यानं मला विचारलं, “आंटीजी, अंकलजी का कितना बाकी है?” मी तेव्हा पस्तिशीची होते. ते ‘आंटीजी’ अजून खुपतं.

शेवटी दोन घासांच्या मधल्या मोकळ्या जागेत काका म्हणाले, “माझ्यासाठी कुणी अडून बसू नका. हा वैद्यकीय आदेश आहे. उठा तुम्ही.” पंगत अशी उठली की जणू शाळा सुटली. दुसरी पंगत बसली. काका तिथेच. दुसरी पंगत भराभर जेवून उठली, काका जिलबीवर. मग आम्हा वाढणाऱ्यांची पानं मांडली.

काकू सगळ्यात शेवटी आल्या, भांडी आत ठेवून. हातात ताट, कपाळावर घाम. एकच जागा उरली होती, काकांच्या शेजारची, कारण तिथे बसायचं धाडस कुणी केलं नव्हतं. त्या क्षणभर घुटमळल्या. मग पदर खोचून खाली बसल्या. काकूंच्या पलीकडे मी.

मी पानाकडे बघत होते, पण कान तिकडेच. काकूंनी पहिला घास घेतला. काकांचा दहीभात चालू होता. सवयीनं त्यांचं लक्ष स्वतःच्याच पानात होतं, पण ताटं अगदी खेटून होती, त्यामुळे कधीतरी नजर शेजारी गेली असावी. बोट वर होतं, ते हळूहळू खाली आलं. मोजणी चुकली असणार.

“जिलबी नाही घेतलीस?”

“संपली.”

“आणि अळूची भाजी?”

“तीही संपली. शेवटची पंगत आहे ना.”

काकांनी काकूंच्या ताटातल्या पुरीला बोट लावून पाहिलं. “गार आहे ही.”

“हो.”

काकांनी समोरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वादोन. परत ताटाकडे पाहिलं. तळाची आमटी, मोकळा भात, बसलेल्या दोन पुऱ्या. चष्मा काढून पुसायचा तर उजवा हात उष्टा होता, म्हणून त्यांनी डाव्या हातानं तो नुसताच वरखाली केला. मग जरा घसा साफ करून, त्यांच्या मते इतर कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, “घरी पण तू इतक्या उशिरा जेवतेस? रोज?”

आमच्या मंडळातल्या बायकांनी कित्येकदा मनातल्या मनात या प्रश्नाची उत्तरं तयार करून ठेवलेली असतात. मला वाटलं, आता काकू सगळं बाहेर काढणार.

काकूंनी घास नीट चावून गिळला. आवाजात राग नाही की लोभ नाही. म्हणाल्या, “रोज नाही हो. तुम्ही दौऱ्यावर असलात की वेळेवर जेवते.”

माझ्या पलीकडे बसलेल्या गोरेवहिनींनी ठसका लागल्याचं निमित्त केलं. काकांच्या पानातला दहीभात तसाच होता, आणि पानात टाकणं हे त्यांच्या लेखी पाप होतं. तो तसाच ठेवून ते उठले, हात धुतले आणि शर्टाच्या बाह्या सारख्या करत मागच्या दारानं पुऱ्या तळणाऱ्या हलवायाकडे गेले. दार उघडंच होतं, म्हणून आम्हाला सगळं ऐकू आलं.

“भैया, चार पूरी निकाल दीजिए. गरम.”

“कढ़ाई तो उतर गई, साहब. दूसरी पार्टी आ गई है.”

“तो फिर चढ़ाइए.”

“टाइम लगेगा, साहब. तेल ठंडा है.”

“लगने दीजिए,” काका म्हणाले. “मैं खड़ा हूँ.”

खन्नांकडचे पाहुणे दारात जमायला लागले होते. गोऱ्यांनी घड्याळ बघितलं, तोंड उघडलं आणि वहिनींची नजर पाहून परत मिटलं. काकूंनी ताटातल्या गार पुऱ्या उचलून कडेला ठेवल्या आणि हात मांडीवर घेऊन वाट बघत बसल्या.